मैलभर हवा कापणारी गोळी

पन्नास कॅलिबरची, म्हणजे जाडीला साधारण अर्धा इंच भरणारी, स्पर्धेत वापरतात ती गोळी तळहातावर घेतली आहे असं समजा. अख्खं काडतूस नव्हे. पितळी नळकांडं, दारू, टोपी हे सगळं बाजूला ठेवलं आणि नुसती पुढची गोळी उरली. लांबी सहा सेंटिमीटरांच्या आसपास, वजन ७५० ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबाने ४९ ग्रॅमसुद्धा नाही. पुढचा भाग निमुळता होत होत अणकुचीदार झालेला, मध्ये थोडा सरळ पट्टा आणि बुडाकडे पुन्हा किंचित निमुळती. हिला पंख नाहीत, इंजिन नाही, सुकाणू नाही. एकदा नळीबाहेर पडली की हिला कुणी काही सांगू शकत नाही.

आता हिची कामगिरी ऐका. नळीतून ती सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते. सुटताना स्वतःभोवती फिरत असते, आणि किती? मिनिटाला १ लाख ३० हजारांहून अधिक फेरे! एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, गाठायला तिला जवळपास २.६ सेकंद लागतात. तेवढ्यात ती पंचवीसएक मीटर खाली आलेली असते. एखाद्या आठ मजली इमारतीच्या उंचीइतकी. आणि एवढं सगळं होऊनही जाणता नेमबाज ती मीटरभर रुंदीच्या लोखंडी पाटीवर वाजवून दाखवतो.

हे कसं जमतं? बंदूक चांगली हवी, दुर्बीण चांगली हवी, हात स्थिर हवा, हे खरंच. पण या खेळातल्या मुरलेल्या माणसाला बोलतं केलंत तर तो तासभर एकाच विषयावर बोलेल: गोळी कोणती घ्यायची? कारण एकाच नळीतून जाणाऱ्या, एकाच जाडीच्या डझनावारी गोळ्या मिळतात. बुटक्या, लांबट, शिशाच्या, निखळ तांब्याच्या, प्लॅस्टिकच्या टोकाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या टोकाच्या. शंभर मीटरांवर त्यांच्यातला फरक समजणारही नाही. मैलावर मात्र एक पाटीवर वाजते आणि दुसरी कुठे धूळ उडवते.

एक गंमत बघा. पृथ्वीवर हवाच नसती, तर ही निवड करायची गरजच उरली नसती. निर्वात पोकळीत ओबडधोबड खडा आणि ही घोटीव गोळी एकाच वेगाने सोडली, तर दोन्ही एकाच वाटेने जातील आणि एकाच जागी पडतील. गुरुत्वाकर्षण हा फार प्रामाणिक गडी आहे. तो सगळ्यांना सारखंच खाली ओढतो, रोज तितकंच ओढतो, त्याचा हिशेब शाळकरी पोरालाही मांडता येतो. सगळी भानगड आहे ती हवेची.

ही हवा गोळीला किती जोरात आडवी येते, हे पहिल्यांदा मोजलं ते बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने. साल १७४२. सेकंदाचा अंशही धड मोजता येत नव्हता, त्या काळात त्याने उडत्या गोळीचा वेग मोजला. कसा? त्याने लाकडाचा जड ठोकळा झोक्यासारखा टांगला आणि त्यात गोळी झाडली. गोळी आत रुतली, ठोकळा मागे झुलला. किती झुलला ते एका फितीवर मोजलं, ठोकळ्याचं आणि गोळीचं वजन माहीतच होतं, आणि त्यावरून वेग काढला: सेकंदाला ५०० मीटरांच्या घरात. मग बंदूक थोडी लांब नेली, पुन्हा झाडली. झोका कमी पडला. म्हणजे मधल्या हवेने तेवढा वेग खाल्ला होता.

त्याचा हिशेब निघाला तेव्हा तोवरच्या विद्वानांची समजूतच कोलमडली. शिशाची गोळी जड, हवा हलकी, तिचा काय अडथळा होणार, असं तोवर मानलं जाई. रॉबिन्सला दिसलं की गोळीचं वजन तिला जितक्या जोराने खाली ओढतं, त्याच्या शंभर पटींहून जास्त जोराने हवा तिला मागे ओढते. शंभर पट! आपण ज्या हवेतून हात हलवतो तीच ही हवा.

आणि आता तळहातावरच्या गोळीकडे पुन्हा बघा. ती रॉबिन्सच्या गोळीपेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने जाते, तरी हवा तिला तिच्या वजनाच्या पंचवीसएक पटच मागे ओढते. शंभरावरून पंचवीसवर. त्यासाठी माणसाला पावणेतीनशे वर्षं लागली.

रॉबिन्सचा दुसरा प्रयोग तर मला त्याहून अचाट वाटतो. जुन्या साध्या बंदुकीची वाटोळी गोळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळायची. रॉबिन्स म्हणाला, नळीला घासून बाहेर पडताना ती गरगर फिरते आणि त्या फिरण्यामुळे हवा तिला बाजूला ढकलते. लोकांना पटेना. मग त्याने एका बंदुकीच्या नळीचं टोक मुद्दाम डावीकडे वाकवलं आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी नळीतून डावीकडे निघाली, पहिल्या पडद्यांना डाव्या बाजूला भोकं पडली, आणि पुढे जाऊन ती उजवीकडे वळली! वाकडी नळी डावीकडे, गोळी उजवीकडे. फिरत्या चेंडूवर असा आडवा जोर लागतो त्याला आज मॅग्नस परिणाम म्हणतात. पण हाइनरिश मॅग्नसने त्यावर काम केलं ते रॉबिन्सनंतर शंभरएक वर्षांनी. रॉबिन्सच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर खुद्द लेओनार्ड ऑयलरने केलं, आणि त्यावर स्वतःची टिपणंही जोडली. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. गोळीच्या उड्डाणाचं शास्त्र ज्याने उभं केलं, त्याचा शेवट आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावर झाला.

फिरण्यामुळे गोळी वाट सोडते, आणि फिरण्यामुळेच ती वाटेवर राहते. फरक आहे तो कोणत्या बाजूने फिरवायचं याचा. नळीच्या आत पीळदार खाचा पाडल्या, तर गोळी आपल्या प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरू लागते. अशा खाचा तर रॉबिन्सच्याही कितीतरी आधीपासून पाडल्या जात. पण खरी गरज पडली ती गोळी लांबट झाल्यावर.

गोळी लांबट का करायची? हवेला अंगावर घेणारा पृष्ठभाग लहान राहावा आणि वजन मात्र भरपूर असावं म्हणून. ही युक्ती ऐकायला सोपी आहे, पण लांबट वस्तू हवेत नाकासमोर जायला तयार नसते. हवेचा रेटा लागतो टोकाकडे, वजनाचा मध्य असतो बुडाकडे. त्यामुळे जराशी कलली की हवा तिला उलथून टाकते. इथे आपला भोवरा मदतीला येतो. उभा न राहणारा भोवरा फिरवला की उभा राहतो, धक्का दिला तरी पडत नाही, नुसता डुलतो. गोळीचंही तेच. ती जितकी लांब, तितकी जोरात फिरवावी लागते.

हे नेमकं ओळखलं जोसेफ व्हिटवर्थने. हा मँचेस्टरचा यंत्रकार. स्क्रूच्या आट्यांना त्याच्या नावाचं प्रमाण आजही आहे. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला फौजेच्या एनफील्ड बंदुकीत सुधारणा सुचवायला सांगितलं. एनफील्डच्या नळीतला पीळ ७८ इंचांत एक फेरा घ्यायचा. व्हिटवर्थने तो २० इंचांवर आणला. गोळीचं वजन तेवढंच ठेवलं, ५३० ग्रेन, पण जाडी ०.५७७ इंचावरून ०.४५१ इंचावर. साहजिकच गोळी लांब झाली. वरून त्याने नळीचं भोक गोल न ठेवता षट्कोनी केलं आणि गोळीही षट्कोनी घडवली, म्हणजे पीळ सुटायचा प्रश्नच नाही. १८५७ च्या चाचण्यांत या बंदुकीने एनफील्डला कितीतरी पटींनी मागे टाकलं. फौजेने ती घेतली नाही. महाग होती आणि अरुंद नळीत काजळी धरायची.

पण २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाला व्हिटवर्थचीच रायफल होती. ती एका घोडीवर पक्की बसवलेली, ४०० यार्डांवर नेम धरलेली. व्हिक्टोरिया राणीने दोरी ओढली. गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली.

किती लांब गोळीला किती पीळ हवा, याचं सुटसुटीत सूत्र १८७९ मध्ये ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने दिलं. तोफगोळ्यांसाठी काढलेलं ते सूत्र रायफलच्या गोळीलाही लागू पडतं, आणि दीडशे वर्षं होत आली तरी नेमबाज ते वापरतात. पन्नास कॅलिबरच्या बहुतेक नळ्यांचा पीळ १५ इंचांत एक फेरा असतो. म्हणून सेकंदाला ८५० मीटरने सुटलेली गोळी सेकंदाला बावीसशेहून अधिक फेरे घेते. तिचा कडेचा पृष्ठभाग नुसत्या फिरण्यामुळेच सेकंदाला नव्वद मीटर धावत असतो.

नळीच्या पिळाला झेपेल त्यापेक्षा लांब गोळी निवडली तर काय होतं, ते कागदाच्या लक्ष्यावर स्वच्छ दिसतं. गोल भोकाऐवजी गोळीची आडवी आकृती उमटते, लांबट, किल्लीच्या भोकासारखी. म्हणजे गोळी कोलांट्या खात पोहोचली. अशी एक खूण दिसली की जाणता माणूस पुढची गोळी भरतच नाही.

आता आकाराकडे येऊ. गोळीच्या पुढे आणि मागे नेमकं काय चालतं, हे डोळ्यांनी पाहायला मिळालं ते १८८६-८७ मध्ये. एर्न्स्ट माख प्रागमध्ये होता. त्याच्या सूचनेवरून पेटर झाल्खरने फिउमे इथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेका शहरात, आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचे फोटो काढले. विजेची ठिणगी क्षणभर पेटवायची, तेवढ्यात गोळीची छाया काचेवर पकडायची. फोटोत काय दिसलं? गोळीच्या नाकाशी कोनाच्या आकाराची लाट, बुडाशी दुसरी लाट आणि मागे हवेचा घुसळलेला शेपटा. न दिसणाऱ्या हवेचा असा फोटो! विमानाच्या वेगासाठी आज आपण ‘माख दोन’, ‘माख तीन’ म्हणतो, तो माख हाच.

या चित्रात गोळीचे दोन वैरी एकदम दिसतात. नाकाशी हवा दाबली जाते, म्हणून नाक लांब आणि निमुळतं हवं. बुडाशी पोकळी तयार होते आणि ती गोळीला मागे चोखून घेते, म्हणून बूडही निमुळतं हवं. फ्रेंचांनी १८९८ साली आपल्या लेबेल रायफलसाठी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या: अणकुचीदार टोक, निमुळतं बूड, आणि शिशाचा अंशही नसलेली सलग तांबं-जस्ताची गोळी. आज स्पर्धेतल्या सर्वांत महागड्या गोळ्या अशाच सलग धातूच्या, लेथवर कातून काढलेल्या असतात. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची कल्पनाच फिरून आली आहे.

मग बाजारात दहा गोळ्या समोर असताना कोणती हवा जास्त सफाईने कापते, हे कसं ओळखायचं? त्यासाठी एक आकडा असतो: बॅलिस्टिक कोएफिशंट. तो जितका मोठा तितकी गोळी वेग कमी गमावते. या आकड्याचं माप ज्या गोळ्यावरून ठरलं तो एकोणिसाव्या शतकातला: एक इंच जाडीचा, एक पौंड वजनाचा, सपाट बुडाचा. त्याला ‘एक’ म्हणायचं. आता ऐका. आपल्या तळहातावरच्या ७५० ग्रेनच्या गोळीचा आकडा आहे १.०५ च्या आसपास. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. आणि ही गोळी ४९ ग्रॅमचीसुद्धा नाही. नवव्या हिश्शाच्या वजनात ती त्या जुन्या गोळ्यापेक्षा हवा अधिक चांगली कापते. निव्वळ आकाराची करामत.

या मापातली खोट अशी की जुन्या बसक्या गोळ्यावर आधुनिक गोळी तोलली की वेग बदलेल तसा आकडाही बदलतो. म्हणून निमुळत्या बुडाच्या दुसऱ्या नमुन्यावरून काढलेला जी-सेव्हन नावाचा आकडा आता जाणकार वापरतात. तो दिसायला लहान, पण वेगवेगळ्या वेगांना बराच स्थिर राहणारा. खोक्यावरचा मोठा आकडा बघून हुरळून जाणाऱ्याने आधी तो कोणत्या नमुन्यावरचा आहे ते वाचावं.

मोठं कॅलिबर लांब पल्ल्याला का सरस ठरतं, याचंही उत्तर इथेच आहे. एखादी गोळी सगळ्या बाजूंनी दुप्पट केली, तर हवेला अडवणारं क्षेत्र चौपट होतं, वजन मात्र आठपट. हवेने ओढायचं ते चौपट, आणि वेग टिकवून धरणारं वस्तुमान आठपट. म्हणून .३३८, .३७५, .४१६ आणि .५० अशी चढती घराणी मैलापलीकडच्या खेळात दिसतात.

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट: वारा. आडवा वारा गोळीला किती ढकलतो? आपण म्हणू, जितका वेळ ती हवेत, तितका. चूक! वारा ढकलतो तो गोळीच्या उशिराइतका. निर्वात पोकळीत एक मैल जायला आपल्या गोळीला १.९ सेकंद लागले असते. हवेत लागतात २.६. हा जो पाऊण सेकंदाच्या आसपासचा उशीर, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणा. ताशी १६ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. उत्तर सव्वातीन मीटरांच्या घरात. आणि खरोखर तेवढंच येतं. कारण फिरती गोळी आपलं नाक किंचित वाऱ्याकडे वळवते, आणि मग मागे ओढणारी हवा तिला थोडी आडवीही ओढते. ओढ जितकी कमी, तितकं आडवं जाणं कमी. त्याच जाडीची, पण हवेला अधिक अडणारी बुटकी गोळी त्याच वाऱ्यात पाच मीटरांपलीकडे जाऊ शकते.

यातून निघणारा निष्कर्ष तर अजबच आहे. गोळी वेगवान केली म्हणजे ती वाऱ्याला कमी बधते, असं नेहमी घडत नाही. याचं उदाहरण ५० मीटरच्या नेमबाजीत सापडतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने या खेळातले दोन मोठे नेमबाज दिले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. या ५० मीटरच्या स्पर्धांतली .२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, आणि तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो, सेकंदाला ३२५ मीटरांच्या आसपास. याच जाडीची ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळीही मिळते. पण आवाजाचा वेग ओलांडला की हवेचा अडथळा एकदम उसळतो, गोळीचा उशीर वाढतो, आणि वारा तिला जास्त ढकलतो. हळू गोळी वाऱ्यात अधिक सरळ जाते!

आवाजाच्या वेगाची ही सीमा लांब पल्ल्याला दुसऱ्या बाजूने आडवी येते. वेगाने निघालेली गोळी दूरवर जाता जाता हळू पडते आणि कधीतरी आवाजाच्या वेगाशी येऊन ठेपते. त्या पट्ट्यात माखच्या फोटोतल्या लाटा गोळीच्या अंगावर पुढेमागे सरकतात, हवेच्या रेट्याचा मध्य जागा बदलतो, आणि आतापर्यंत सरळ गेलेली गोळी डगमगू लागते. याचं नामांकित उदाहरण .३०८ मधल्या सिएरा मॅचकिंग गोळ्यांचं. १६८ ग्रेनची मॅचकिंग ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवलेली. सहाशे यार्डांपर्यंत अतिशय नेमकी. हजार यार्डांवर मात्र बेभरवशाची. तिच्याच घराण्यातली १७५ ग्रेनची गोळी हजारावर व्यवस्थित जाते. दोघींत फरक किती? वजनात अर्धा ग्रॅमही नाही. पण पहिलीच्या बुडाचा उतार १३ अंशांचा, दुसरीचा ९ अंशांचा. चार अंशांनी नशीब बदललं.

बुडाचं महत्त्व फ्रँकलिन मान या अमेरिकन माणसाने अगदी धसास लावून दाखवलं. शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्यातली कितीतरी वर्षं त्याने गोळ्या झाडून पाहण्यात घालवली, आणि १९०९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो गोळ्या मुद्दाम बिघडवायचा. कुणाचं टोक ठेचायचा, कुणाचं बूड एका बाजूने कापायचा, आणि मग नेम बघायचा. आपल्याला वाटेल टोक ठेचलेली गोळी भरकटणार. भरकटली ती बूड बिघडलेली! गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा तप्त वायू बुडाच्या कडेने फुटतो. कड एका बाजूला जराशी जरी उणी असली तरी वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. म्हणूनच स्पर्धेच्या कित्येक गोळ्यांच्या टोकाला बारीक छिद्र दिसतं. तांब्याचं कवच बुडाकडून ओढत आणून टोकाशी मिटवलेलं असतं, म्हणजे सांधा टोकाकडे राहतो आणि बूड अखंड, घोटीव.

टोकाचीही एक हकिगत सांगायलाच हवी. टोक अणकुचीदार राहावं म्हणून गोळीवर प्लॅस्टिकचं टोक बसवायची पद्धत आली आणि रुळली. पुढे हॉर्नडी कंपनीने डॉप्लर रडारने गोळीचा अख्खा प्रवास न्याहाळला, तेव्हा काहीतरी चुकत असल्याचं दिसलं. गोळी काही अंतर ठीक जायची, आणि मग हवेचा अडथळा असायला हवा त्यापेक्षा वाढायचा. का? हवेच्या घर्षणाने आणि दाबाने टोक इतकं तापत होतं की प्लॅस्टिक मऊ पडून बोथट होत होतं. दीड-दोन सेकंदांच्या प्रवासात टोक वितळत होतं, आणि लक्ष्यावर आदळून गोळी चिरडली गेल्यावर ते कुणाला दिसणार? २०१५ मध्ये उष्णता सोसणारं टोक आलं, २०१९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं. इतकी वर्षं लोक वाऱ्याला आणि स्वतःच्या हाताला दोष देत होते, त्यातला काही वाटा या टोकाचा होता.

सलग तांब्याच्या गोळीचं आकर्षण मोठं आहे. लेथवर कातलेली, म्हणून एक न् एक गोळी सारखी. पण तांबं शिशापेक्षा हलकं. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या आत. म्हणून तेवढंच वजन हवं तर गोळी लांब करावी लागते, आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. म्हणजे गोळी बदलायची तर कधी कधी नळीच बदलावी लागते. हौसेने महाग गोळ्या आणल्या आणि जुन्या नळीत भरल्या, तर कागदावर ती आडवी भोकं दिसणार.

शिवाय सारखेपणा हा स्वतंत्र विषय आहे. सुटताना सेकंदाला तीन मीटरचा फरक, म्हणजे वेगात हजारी तीन-चाराची तफावत, मैलावर गोळीला वीतभर वरखाली नेते. म्हणून कसलेले नेमबाज खोक्यातल्या गोळ्या एकेक करून तोलतात, बुडापासून नाकाच्या उतारापर्यंतची लांबी मापतात आणि सारख्यांचे ढीग लावतात. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या गोळीत वजनाचा मध्य केसभर जरी एका बाजूला असला, तरी नळीतून सुटताक्षणी ती किंचित आडवी झेप घेते.

मैलाच्या पलीकडे तर अशा गोष्टी हिशेबात धराव्या लागतात की ऐकून हसू यावं. उजव्या पिळाच्या नळीतली गोळी फिरण्यामुळे आपोआप उजवीकडे सरकते, मैलावर जवळपास अर्धा मीटर. आणि खाली पृथ्वी फिरते आहे! गोळी हवेत असते तेवढ्या अडीच-पावणेतीन सेकंदांत पृथ्वीच्या फिरण्यामुळे लक्ष्य जागचं हललेलं असतं. पुण्याच्या अक्षांशावर हा फरक मैलावर दहा सेंटिमीटरांचा. युरोपाच्या बऱ्याच भागात त्याच्या दुपटीहून अधिक. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या रॅटनजवळ दोन मैलांची स्पर्धा भरलेली आहे. एवढ्या अंतरावर गोळी पाच सेकंदांहून जास्त वेळ हवेत राहते. अशा नेमबाजाच्या वहीत गोळीचं वजन, वाऱ्याचा अंदाज, हवेचा दाब आणि तापमान यांच्या शेजारी अक्षांशही लिहिलेला असतो.

तेव्हा या खेळाची कुणी चौकशी करू लागला, तर त्याला सर्वांत जड किंवा सर्वांत वेगवान गोळी सुचवू नका. आधी विचारा, नळीचा पीळ किती? मग विचारा, लक्ष्यापर्यंत गोळी आवाजाच्या वेगाच्या वर राहील का? गोळीचं नाव त्यानंतर. आणि पुण्यात बालेवाडीला ५० मीटरचा सामना पाहायची संधी मिळाली, तर नेमबाज आणि लक्ष्य यांच्यामध्ये लावलेले छोटे झेंडे जरूर बघा. ते हलले की नेमबाज किती वेळा चापावरचं बोट काढून घेतो आणि थांबतो, तेही मोजा.